काकाचा ताईत

ओल्या शाडूचा वास आला की मला हमरापुरातली ती दुपार आठवते. आमच्या कारखान्यात गणपतींचे डोळे फक्त काका आखायचा, तेही दंडाला तांब्याचा ताईत असेल तरच. त्यातल्या खड्यानं म्हणे हात थरथरत नाही. आणि त्या दुपारी दंड रिकामा! चाळीस गणपती डोळ्यांवाचून बसलेले, काकाची बोटं थरथरतायत, आणि दारातून टेम्पोवाला ओरडतोय, "शेठ, आंधळेच भरू काय?" "आता नाय जमायचं रे," काका पुटपुटला. सकाळी आम्ही दोघांनी साच्यांत शाडू दाबला होता. ताईत नक्की कुठल्यातरी नव्या मूर्तीत गेला होता, आणि गणपती फोडून बघायची हिंमत कोणाची? मी गुपचूप तांब्याच्या नळीच्या तुकड्यात शाडूची गोळी कोंबली, काळा दोरा ओवला आणि "सापडला, सापडला!" अशी बोंब ठोकत धावलो. काकानं तो उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. मग त्यानं दंड पुढे केला. "बांध." चाळीस जोड्या डोळे, एकही रेघ हलली नाही! पुढे काका वयानं थकला तेव्हा तोच ताईत त्यानं माझ्या दंडाला बांधला. आता डोळे मी आखतो. आत काय आहे ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी काल दोरा तुटला आणि माझ्या हातातला ब्रश थरथरायला लागला.