आबांसाठी गाव दोनदा रडलं

पहिल्यांदा रडलं तेव्हा आबा जिवंत होते.

दोन वर्षं झाली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यूमोनिया झाला, ऑक्सिजनचा मास्क पुरेना, म्हणून नंदुरबारला व्हेंटिलेटर लावावा लागला. मी त्याच हॉस्पिटलात आयसीयूची सिस्टर. नानाकाकांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाने, काचेतून एकदा डोकावलं आणि गावी, ब्राह्मणपुरीला फोन लावला. दादा मशीनवर गया.

झालं! आमच्याकडे मशीनवर गेला म्हणजे गेलाच.

सकाळी दोन गाड्या भरून नातेवाईक गावी आमच्या दारावर हजर. सांत्वनाला. बाया आईच्या गळ्यात पडून रडताहेत, आणि आई कपाळावर ठसठशीत कुंकू लावून उभी. चहा टाकावा की नाही, हेच तिला कळेना.

इकडे काका माझ्यामागे लागले. कागदावर सही कर, नळी काढ, घरी नेऊ.

"बाई, आते त्याना हाल नको करू. मशीनच छाती हलाडी ऱ्हायनं. घरना माणूस घरमा जाऊ दे."

मी जाम चिडले. रोज परक्या लोकांना समजावते, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार!

काकांचा हात धरून बेडपाशी नेलं आणि सगळं दाखवलं. छाती मशीन हलवतंय, कबूल. पण हृदय आबांचं आबाच चालवताहेत. मशीन आजार बरा करत नाही. श्वास घ्यायचं काम तेवढं काही दिवस अंगावर घेतं, म्हणजे दमलेल्या फुफ्फुसांना विसावा आणि औषधाला वेळ मिळतो.

नळी स्वरयंत्रातून खाली जाते, म्हणून बोलता येत नाही. त्रास होऊ नये म्हणून झोपेचं औषध. गुंगीत नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीने बांधलेले. आणि मशीन वाजलं की दर वेळी संकट नसतं. खोकला आला, कफ अडकला, तरी ते बोंबलतं.

काकांना पटलं नव्हतं.

खरं सांगू? मीही आतून घाबरले होते. या मशीनवरून न परतलेले मी पाहिलेत. चुकले असते तर जन्मभर ऐकलं असतं, पोरीने बापाला घरी मरूसुद्धा दिलं नाही.

आईला फोन केला. ती म्हणाली, "तुले कळस. तू सांगशी तसं."

मी सही केली नाही.

पाचव्या दिवशी झोपेचं औषध कमी केलं. आबांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी बोट दाबायला सांगितलं, त्यांनी दाबलं. मग मशीनची मदत हळूहळू उतरवत नेली, थोडा वेळ त्यांचा त्यांना श्वास घेऊ दिला. जमलं. नळी निघाली.

घसा बसलेला, अंगात त्राण नाही, दोन दिवस थोडे भ्रमात. हे सगळं होतंच, घाबरायचं नसतं.

आणि भानावर आल्यावर, गाव रडून गेल्याचं कळताच, माणसाने विचारलं काय?

"दारवर कोन कोन वनं व्हतं?"

यादी पाठ करून घेतली. जे आले त्यांची वर्षभर टर उडवली, जे आले नाहीत त्यांच्याशी महिनाभर अबोला.

मागच्या उन्हाळ्यात तोरणमाळचा एक तरणा शेतकरी आमच्याकडे व्हेंटिलेटरवर होता. बायको त्याला घरी न्यायला निघालेली. तिला मराठी कळेना, मला तिची पावरी बोली येईना. आबांनी आयुष्यभर शहादा-तोरणमाळ गाडीवर कंडक्टरकी केली, त्यांना पावरी अस्खलित. फोन केला. दुपारच्या एसटीने आले.

बाकावर तिच्याशेजारी तासभर बोलत बसले. काय सांगितलं, मी नंतर विचारलं.

"इतलंच सांगं, मन्हा हात धरी देख. गरम शे ना? मी बी त्याच मशीनवर व्हतू."

ती थांबली. पुढचं आमचं काम होतं, ते आम्ही केलं.

चार दिवसांपूर्वी सकाळी आबा अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हार्ट अटॅक. मी घरीच होते, तरी मला काही करायला क्षणही दिला नाही. सिस्टर असून मी नुसती उभी राहिले. खूप राग आला आबांचा, अजून आहे.

गाव पुन्हा दारावर आलं. मी रडले नाही. सगळ्यांना पाणी दिलं, सगळ्यांची विचारपूस केली.

काल संध्याकाळी सगळे पांगल्यावर एक जोडपं आलं. तोरणमाळचं. तो तरणा शेतकरी घाट उतरून, दोन गाड्या बदलून, फाट्यापासून उन्हात चालत आला होता. सवयीने मी आधी त्याची छाती बघितली. दम लागलेला नव्हता.

तेव्हा रडले. आईने धरलं तरी थांबता येईना.

आबा, तुम्हाला मिळालेली दोन वर्षं तुम्ही एकट्याने नाही संपवलीत.

लेकीचा शेवटचा रामराम.