शेऱ्याची पट्टी

रकानेबाबूंच्या हातात कागद आला की मजकूर नंतर, आधी त्यातले रकाने. कचेरीत चहा मागवायचा तरी ते डावीकडे सगळ्यांची नावं लिहून पुढे 'साखरेचा', 'बिनसाखरेचा' आणि 'नको' असे तीन रकाने आखून कागद चपराशाला देत. चपराशी सगळ्यांना सारखाच गोड चहा आणी. बाबूजी त्यावर कधी चिडले नाहीत. आखून झालं की त्यांचं समाधान झालेलं असे.

सत्तरच्या दशकात सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीत गावोगावच्या विहिरींचे तक्ते येत. त्यांवरून कोणत्या गावाला हातपंप द्यायचा ते ठरे. मी तिथे नवीन कारकून. प्रत्येक तालुक्याची तऱ्हा वेगळी. कुणी गावाचं नाव आधी लिही, कुणी शेवटी, कुणी 'गाव' म्हणे, कुणी 'मौजा'. बाबूजी कात्रीनं तक्त्यांच्या उभ्या पट्ट्या कापत, सगळ्यांचा क्रम एक करून खळीनं चिकटवत आणि दोनदा आलेला रकाना काढून टाकत. त्या खळीनं त्यांच्या बाह्या इतक्या कडक झालेल्या असत की धोब्यानं लाजावं.

"पोरी, रकाना काढाच्या आधी त्याले वरून खालपर्यंत वाचत जाय," असं ते मला रोज बजावत आणि मी रोज मान डोलवी. एका दुपारी कंटाळून मी एका तालुक्याची शेऱ्याची पट्टी न वाचताच टोपलीत टाकली. जवळजवळ कोरीच तर होती.

बाबूजींनी ती उचलली, बोट फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले. त्या गावापुढे विहीर एक, पाणी बारमाही, असं होतं. म्हणजे हातपंपाच्या यादीतून ते गळणार. शेऱ्यात मात्र लिहिलं होतं, 'बौद्ध वस्तीला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीक्षा घेण्याआधी माझी आई अशाच एका गावात, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून घागर घेऊन ताटकळत उभी राहायची. आणि तिची लेक, घरी नळ आहे म्हणून, ती ओळ टोपलीत टाकून मोकळी झाली होती. मी रडत हे सांगितलं. बाबूजींनी ती पट्टी मलाच चिकटवायला लावली.

मग जन्मभर रकाने कमी करत आलेल्या त्या माणसानं एक नवा रकाना आखला. 'पाणी सर्वांना भरता येते काय?' असं त्याला नाव दिलं आणि सगळ्या तालुक्यांना तो भरून मागितला. साहेब भडकले. वरून नऊच रकाने ठरलेले, दहावा कागदात मावत नाही, आणि उशीर होईल तो वेगळाच.

"साहेब, हे नऊ रकाने खोटं बोलून राहिले," बाबूजी म्हणाले. "दहाव्याबिगर मी सही नाही करत."

सही त्यांचीच लागे. तक्ता दहा रकान्यांनिशी, पण उशिरा गेला. त्या वस्तीत हातपंप बसला, तसंच उशीर का झाला याची चौकशीही बसली. शेऱ्याची पट्टी टोपलीतून निघाल्याचं साहेबांच्या कानावर गेलं होतं; ती तिथे कुणी टाकली, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"मीच टाकली होती, साहेब," बाबूजी म्हणाले.

शिक्षा म्हणून त्यांची बदली दूर चांद्याकडे झाली. मी कायम झाले, पुढे मोठ्या टेबलावरही बसले. बाबूजी आता नाहीत. ती पट्टी मी टाकली होती, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.