गुलाबीचं टक्कल

मामांनी त्या कोळ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मारलेली उडी आमच्या गल्लीत अजून मोजमापाला वापरतात. कुणी दचकलं, की ‘मामांच्या निम्मंही नाही’ असा शेरा पडतो. हातात वस्तरा असताना माणूस जागच्या जागी उडून आरशावरच्या फळीला लटकू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाला फेस, दुसरा गाल गुळगुळीत आणि गळ्यात पांढरा कपडा अशा अवतारात जे पळत सुटलं, ते म्हणे थेट कचेरीत जाऊन बसलं आणि साहेबांनी त्याला न मागता रजा दिली. कोळी मात्र डब्यात होता तिथेच, तळहाताएवढा, नखशिखांत केसाळ. त्यानं फक्त पुढचा एक पाय उचलला, ‘माझा नंबर कधी?’ असं विचारावं तसा.

मामा म्हणजे कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाचे मालक. सख्खा भाचा एकही नाही, पण गल्ली सगळी भाच्यांची. डबा त्यांच्या लेकीचा होता. दुकानाच्या डाव्या बाजूला मामांनी तिच्यासाठी बायकांचा विभाग काढायचं ठरवलं होतं. नवा आरसा बसवला, टेबल आणलं, पाटीही रंगवून घेतली. फक्त लेकीला विचारायचं राहिलं. तिनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. मामा तापट. म्हणाले, “जातेस तर जा. पण मग मला फोन करायचा नाही.” लेक बापावरच गेलेली. तिनं शब्दशः पाळलं.

जाताना तिनं आईला सांगितलं, की भाड्याच्या खोलीत प्राणी चालत नाही, तर बाबांना जमलं तर सांभाळू दे. मामींनी निरोप अर्धाच पोचवला: “डब्यात तिचं काहीतरी आहे, नीट ठेवा.” लेकीचे कानातले वगैरे असतील अशा समजुतीनं मामांनी झाकण उघडलं. पुढचं सगळ्या गल्लीला माहीत आहे.

टाकून देता येईना, कारण लेकीचा जीव. तसं बोलून दाखवता येईना, कारण मामांचा बाणा. मामींनी मात्र जाहीर केलं, की आपण त्या जनावराकडे बघणार नाही आणि त्याच्याबद्दल फोनवर बोलणारही नाही. लेकीचा फोन यायचा आईला. कोळ्याचा विषय निघाला, की मामी फोन मामांच्या कानाला लावून स्वयंपाकघरात निघून जात. बाप-लेकीचं बोलणं असं सुरू झालं. ‘कशी आहेस’ नाही, ‘बरी आहे’ नाही. नुसता कोळी. मामा या फोनची वाट बघायला लागले, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना कळलं.

पहिला घोळ नावाचा. लेकीनं तो कोळी ‘गुलाबी’ म्हणून विकत घेतला होता. मोठं घर हवं म्हणून मामा प्राण्यांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, “गुलाबीसाठी द्या.” दुकानदारानं उंच काचेची पेटी दिली, आत उभी फांदी बसवली, रोज पाणी शिंपडायला सांगितलं. गुलाबी फांदीवर चढायची आणि धपकन पडायची. मामा प्रत्येक पडण्याला स्वतःच कळवळत.

लेकीनं हे फोनवर ऐकलं. मग समजावून सांगितलं. गुलाबी या नावाखाली बाजारात दोन वेगळे कोळी खपतात. एकाच्या पायांची फक्त टोकं गुलाबी. तो झाडावर राहतो, त्याला ओल लागते. दुसऱ्याच्या पाठीवरच गुलाबी झाक. तो जमिनीवरचा, त्याला कोरडं हवं, आणि उंचावरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं. शास्त्रज्ञांनी दिलेली लांबलचक नावंसुद्धा मधूनमधून बदलतात, तेव्हा नावावर जाऊ नका, पाय बघा.

मामांनी गिऱ्हाइकाला मान दाखवायचा हातआरसा पेटीला टेकवला आणि गुलाबीचे आठही पाय असे न्याहाळले, की वधूपरीक्षाही इतकी बारकाईनं होत नसेल. टोकं गुलाबी नव्हती. पाठीवर मात्र उन्हात धरलं तर झाक होती. फांदी गेली, पेटी आडवी झाली, आत कोरडी माती आली, बसायला फुटक्या कुंडीचा तुकडा, पाण्याला बाटलीचं झाकण.

मग टक्कल पडलं. गुलाबीच्या पोटावर एक गुळगुळीत गोल दिसायला लागला आणि मामांची रात्रीची झोप गेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस सांभाळले आणि घरच्या लेकराला चाई! येणारी गिऱ्हाइकंही टोमणे मारायची, की मामा, आधी तिचं बघा, मग आमचं. मामांनी दुकानातलं ठेवणीतलं तेल कोमट केलं, कापसाचा बोळा घेतला आणि नेमका तेव्हा फोन आला. मामांनी तेलाचा बेत सांगून टाकला.

“बाबा, तेलाचा थेंबही नको. तिची श्वासाची भोकं पोटाखाली असतात.”

“अगं, मुळं मजबूत होतात.”

“ती घाबरली की स्वतःच खाजरे केस झाडते. तुम्ही तिला घाबरवता का?”

मामा रोज सकाळी पेटीशेजारी कात्री वाजवून तिला सुप्रभात म्हणत असत. गारठू नये म्हणून केस वाळवायचं यंत्र लावत. आपल्या हातांना आणि दाढीवाल्या दोघा गिऱ्हाइकांना सुटलेली खाज कुठून आली, तेही त्यांना तेव्हाच उमगलं. कात्री बंद झाली. मामा दुकानात चवड्यांवर चालू लागले.

पण गुलाबीनं खाणं सोडलं. दिलेला रातकिडा तिच्या अंगाखांद्यावर खेळून थकला. टक्कल काळं पडलं. आणि एका दुपारी मामांनी पाहिलं, तर ती उताणी, आठही पाय वर.

त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि नव्या, कधी न वापरलेल्या टेबलापाशी बसले. जेवायला का आले नाहीत म्हणून मामी बघायला आल्या.

“पोरीला कळवलंत?”

“कळवून?” मामा म्हणाले. “आता कशाबद्दल फोन करेल ती मला?”

ज्या जनावराकडे बघणार नाही म्हणाल्या होत्या, त्याच्यापाशी मामी गेल्या, वाकून बघितलं आणि स्वतःच नंबर लावला.

“पाय हलतात का?” लेकीनं विचारलं. मामी म्हणाल्या, किंचित. “मग मेली नाही. उताणी होऊन कात टाकतेय. कुणी हात लावू नका. आणि फोन बाबांकडे दे.”

तिनं फोन ठेवला नाही. मामा पेटीसमोर बसून बारीक आवाजात सांगत राहिले: आता पाठ फाटली, आता एक पाय निघाला, हातमोजा काढावा तसा. मध्येच बोलायचं संपलं.

“पाटी अजून आहे,” मामा म्हणाले. “तुला न विचारता रंगवली मी.”

“हो.”

“विचारायला हवं होतं.”

“हो बाबा. किती पाय निघाले?”

सगळे निघाले. कात टाकून उठलेल्या गुलाबीच्या पोटावर केसांचं दाट रान होतं. टकलू गिऱ्हाइकांची रीघ लागली, तेव्हा मामांनी अट सांगितली, की आधी कातडं सोलून द्यावं लागेल.

फोटो बघून लेकीनं कळवलं, की तोंडाजवळच्या छोट्या पायांना गोळे आलेत, म्हणजे गुलाबी नर आहे, आणि वयात आलेले नर फार जगत नाहीत. तो पुढच्या वर्षी मेला. पेटीत आता कंगवे ठेवतात. लेकीचा फोन मामांना अजून येतो. दोघं हवामानाबद्दल बोलतात.