काही न विचारता घेतलेली रायफल

ती घटना आजही आठवली की भांडी घासता घासता माझे हात थांबतात. खात्यातली माणसं रिटायर झाली की आपापल्या केसेस लिहितात, मी पण लिहितीय, पण मी काही साहेब नव्हते. पुण्याकडच्या एका ठाण्यात महिला पोलीस शिपाई होते, बारावी गटांगळ्या खात काढली आणि भरती झाले, मग लग्न झालं आणि नवरा अमेरिकेत म्हणून राजीनामा दिला. ही केस राजीनाम्यानंतरची. अंगावर वर्दी नाही, पाठीशी ठाणं नाही, कडेवर रांगती पोरगी. नावं कुणाचीच घालत नाही, जी माणसं आहेत ती आपलीच आहेत.

दोन हजार दोन साल असंल. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टाउनहाऊसमध्ये राहायचो. कॉम्प्युटरच्या कंपन्या पटापट बंद पडत होत्या आणि आमच्या ह्यांची पण नोकरी गेली. ग्रीन कार्ड नुकतंच आलेलं म्हणून बॅगा भरायची वेळ आली नाही एवढंच. हे रोज इंटरव्ह्यूसाठी फोन करायचे आणि रोज गप्प गप्प होत चालले होते. नागपूरला सासूबाईंना सांगितलंच नव्हतं, फोनवर म्हणायचे, "हो आई, ऑफिसात खूप काम आहे."

शेजारी एक काका राहायचे, रिटायर इंजिनियर, अमेरिकेत येऊन केस पांढरे झालेले. ते दर रविवारी रेंजवर जायचे, म्हणजे पैसे देऊन नेमबाजी करायची जागा. एक दिवस हे म्हणाले, "काका, मला पण एक रायफल घ्यायचीय. प्रॅक्टिस करीन, मन रमेल." घरात रांगतं पोर आणि हे रायफल म्हणतायत! पण काकांना आनंद झाला, इतक्या वर्षांत कुणी मराठी माणूस त्यांच्या नादाला लागला नव्हता. चहा पिता पिता सुरूच झाले.

"हे बघ, रायफल म्हणजे चप्पल. लग्नातली वेगळी, शेतातली वेगळी. आधी कशाला पाहिजे ते ठरव. नुसतं टार्गेट मारायचं तर छोटी बावीस बोअरची सेमी-ऑटोमॅटिक घे, धक्का नाही, गोळी स्वस्त, दिवसभर मार. डोंगरात रानडुकरांच्या मागं जायचं तर दुसरी गोळी पटकन गेली पाहिजे, तिथं मोठी सेमी-ऑटो. पण त्या मोठीनं रोज प्रॅक्टिस केलीस तर खांदा सुजेल, खिसा रिकामा होईल. आणि नावाजलेल्या कंपनीची घे यार, गोळी अडकत नाही."

मला ते कळत होतं. सेमी-ऑटो म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप येऊन बसते, आमच्या ट्रेनिंगमध्ये एसएलआर म्हणून रायफल होती ती तशीच. म्हणून मी म्हणलं, "खांद्याला लावून बघा हो आधी, लांब पडली तर मान अवघडते." काका हसले, "ऐका हवालदारीणबाईंचं!" हे हसले नाहीत.

शनिवारी दोघं दुकानात गेले. परत आल्यावर हे वर जाऊन पडले, दुपारी शेजारनं काकांचा फोन आला आणि हीच माझी खबर, पण खबर देणाऱ्याला आपण काय देतोय ते माहीतच नव्हतं. ते नुसते वैतागले होते.

"अगं, तुझा नवरा काय माणूस आहे! काऊंटरवरची पहिलीच मोठी रायफल दाखवली आणि म्हणाला, ही द्या. दुकानदारानं विचारलं, कशासाठी, तर म्हणे प्रॅक्टिस. तो म्हणाला, प्रॅक्टिसला ही कशाला, ती छोटी बघ. तर म्हणे चालेल, हीच. खांद्याला लावली नाही. साफसफाईचं सामान घे म्हणलं, तर नको. कुलपाची पेटी म्हणलं, तर बघू नंतर. किंमतसुद्धा खाली आण म्हणाला नाही गं!"

मी फोन धरून खालीच बसले. ज्या माणसानं पोरीचं कार सीट घ्यायला तीन दुकानं पालथी घातली, भाताच्या कुकरवरनं सेल्समनला रडकुंडीला आणलं, तो रायफल घेतो आणि एक प्रश्न विचारत नाही? आमच्या ठाण्यातले मोठे साहेब नव्या पोरापोरींना सांगायचे, खोटं बोलणारा फार बोलतो, पण ज्याच्या मनात काही ठरलंय तो काही विचारत नाही, त्याच्यावर नजर ठेवा. बंदूक साफ कोण करत नाही? ज्याला ती पुन्हा वापरायची नाही तो.

मग एकेक आठवायला लागलं. मला गाडी शिकवायला दोन वर्षं टाळाटाळ, आणि ह्या महिन्यात रोज, फ्रीवेवर सुद्धा, घाई घाईनं, "तुला एकटीला जमलं पाहिजे." भारतात कधी ज्यांना फोन केला नाही त्या चुलतभावांना फोन. जेवण अर्धं. पोरगी पायाशी आली की तिच्याकडं नुसतं बघत बसणं. एवढं सगळं डोळ्यासमोर, आणि मला वाटत होतं नोकरीचं टेन्शन आहे.

"काका," मी म्हणलं, "रायफल आहे कुठं?"

"दुकानातच. इथं लगेच देत नाहीत, दहा दिवस थांबावं लागतं, कायदाच आहे कॅलिफोर्नियात. का गं?"

माझ्या जिवात जीव आला. म्हणलं, "काका, तुम्ही आणि काकू पोरीला घेऊन जरा पार्कमध्ये जाता का? आत्ता. आणि ह्यांना काही बोलू नका." काका माझ्या आवाजावरनं समजले असतील, पाचव्या मिनिटाला दारात.

जबाब घ्यायचा म्हणजे दरडावायचं नसतं. सिनेमातलं ते सिनेमात. आम्ही पाणी द्यायचो, समोर नाही तर शेजारी बसायचो. मी ह्यांना पाणी दिलं, शेजारी बसले. मला वाटत होतं विचारलं आणि त्यांच्या डोक्यात नसलं तर मीच ते घालीन, आणि असलं तर काय करू मी परक्या देशात.

"रायफल कशासाठी घेतली?"

"सांगितलं ना. प्रॅक्टिस."

"गोळ्या किती घेणार?"

"एक बॉक्स."

"मग पुढच्या रविवारी काय मारणार, खडे?"

ह्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. मी म्हणलं, विचारून टाक, सरळ विचार. "अहो, जीव द्यायचा विचार चाललाय का तुमच्या मनात?"

आधी म्हणाले, "काहीही बोलतेस." मग ग्लास खाली ठेवला. आणि मग माणूस फुटला. म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"भाताच्या कुकरला तासभर अन् रायफलीला एक मिनिट?"

रडता रडता हसले. खरंच हसले, तेवढ्यात. मग सांगितलं सगळं, मी तुमच्यावर ओझं झालोय, मी नसलो तर तू माहेरी सुखानं राहशील, इन्शुरन्सचं बघितलंय. मी म्हणलं, "मी तक्रार केली का? पोरीनं केली? फिर्यादीच कुणी नाही तर तुम्ही स्वतःला शिक्षा कशी सुनावता?" आणि मग मी पण रडले, वर्दी असती तर रडले नसते.

पुढचा तपास काकांनी केला असं म्हणायला हरकत नाही. ते पार्कातनं आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, पोरगी काकूंकडं ठेवली आणि त्याच दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा गोरा माणूस, जाड चष्मा. काकांनी इंग्लिशमध्ये हळू आवाजात एवढंच सांगितलं की ह्याला सध्या घरात रायफल नको. त्यानं चष्मा काढला, ह्यांच्याकडं बघितलं आणि ऑर्डर कॅन्सल केली. जाताना ह्यांचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाला. बाहेर आल्यावर ह्यांनी सांगितलं, "म्हणाला, बरा होऊन ये, मग बसून निवडू. घाई कसली."

काकूंनी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, स्वतः गाडी ड्राइव्ह करून नेलं. गोळ्या, बोलणं, आठवड्यातनं एकदा. काका रोज सकाळी दार वाजवायचे, "चल रे, तळ्यापर्यंत चालू." हे म्हणायचे झोप आलीय, काका म्हणायचे, "मी म्हातारा चालतोय, तुला लाज नाही वाटत?" ओढून न्यायचे. नागपूरला सासूबाईंना फोनवर खरं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अरे मग आधी का नाही बोललास? नोकरी काय, लागते." नोकरी लागायला वर्ष लागलं, पगार कमी, कंपनी छोटी, पण रंग परत आला चेहऱ्यावर.

ह्या केसनं मला काय शिकवलं? रायफल चांगली कुठली हे मला आजही कुणी विचारलं तर मी सांगेन, आधी कशासाठी ते सांगा, आणि सांगताना तुमचा चेहरा मला बघू द्या. बंदूक निवडणारा माणूस शंभर गोष्टी विचारत असला तर त्याला उद्या आहे. आणि जो विचारत नाही त्याला आपण विचारायचं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही, माझी ती भीती खोटी निघाली. विचारल्यानं माणसाला बोलायला दार मिळतं. मला नीट बोलता येत नाही, इंग्लिश तर नाहीच, तरी एक वाक्य जमलं, तेवढं कुणालाही जमंल.

आत्ता हे लिहितीय तर खाली पार्किंगमधनं आवाज येतोय. पोरगी आता सहा वर्षांची, हे तिला सायकल शिकवतायत, मागनं पळतायत, "ब्रेक! अगं ब्रेक दाब!" आणि ती मागं न बघता ओरडतीय, "आय नो, बाबा! लेट गो!"

हे काही सोडत नाहीयेत.