चितळीचा डोळा

दुपारची मेंढरं बाभळीखाली बसली आहेत. चितळी कुत्रीचं मुंडकं मांडीवर घेऊन दुरपदा पेंगते आहे. चितळीच्या डाव्या डोळ्यातून हिरवट पू वाहतो. नवे थेंब चालू आहेत, पण आज उतार पडला नाही तर डोळा काढावा लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. दुरपदाच्या पापण्या मिटतात, उघडतात, मिटतात. आणि समोर सासरा उभा. गेल्या दिवाळीत वारलेला म्हाकूबा, खांद्यावर घोंगडं तसंच.

"दुरपदे, फेक ते पाणी. माझी बाटली कुठाय?"

त्याची बाटली घोंगड्याच्या घडीत असायची. कुत्र्याचा डोळा उघडला की थेंब बंद. उरलेलं पुढच्या आजाऱ्याला. जन्मभराचा रिवाज.

बाभूळ आता दवाखान्यात उभी आहे. टेबलावर मेंढरं रवंथ करतात, कुणी हाकलत नाही.

"मामंजी, आधी तुमचीच घातली. डोळा आणखी चिघळला. मग बाईंनी बोळ्यानं पू टिपून तपासाया धाडला. त्यातलं जंतू तुमच्या औषधाला भीकच घालंनात."

"माझ्या औषधाला? अख्ख्या मेंढवाड्याची कुत्री बरी केली त्यानं!"

"अन् दर खेपेला औषध अर्ध्यात सोडलं तुम्ही. जे मेलं न्हाईत ते सरावलं. लांडगा एकाच आरोळीला किती दिस भिईल?"

म्हातारा मान डोलावतो. लांडगा त्याला कळतो.

दवाखान्याच्या फरशीवर गवत उगवतं, माळ पसरतो. म्हाकूबा गदागदा हसतो.

"जित्ता होतो तवा एवढं बोलली न्हाईस."

"तवा बोलू दिलं कुठं?"

"बरं बाई, हरलो. तू थेंब घाल, मी मुंडकं धरतो."

थेंब पडतो. म्हातारा गुणगुणतो,

"पडू दे गं थेंब थेंब, पापणीच्या आत आत,
माझ्या चितळीची नजर, राखी मेंढरांची रात."

आणि मूठभर भंडारा उधळतो. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आभाळ हळदीचं होतं.

भुंकण्यानं दुरपदा दचकून जागी होते. चितळी मांडीवर नाही. पार तिकडं, भरकटलेल्या बोकडाला ती डाव्या अंगानं वळवून आणते आहे. डावा डोळा लाल, पण टक्क उघडा, पू आटलाय.

"दिसतंय गं माझ्या वाघिणीला!" दुरपदा माळभर ओरडते. मग थेंबांची बाटली उचलते. उतार पडला तरी बाई सांगतील तोवर ही सुटायची नाही.

"ये इकडं!"

चितळी धावत येते. तिच्या कपाळावर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, अंगठ्याएवढा भंडारा लागलाय. दुरपदाचे हात कोरडे, स्वच्छ आहेत.