कोनले जोयजे?

साक्रीच्या आमच्या शाळेतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाऊ सध्या स्वतःचं ग्राफिक्स कार्ड घडवतायत. त्याचा आराखडा इंटरनेटवर सगळ्यांना खुला आहे. कार्ड स्वस्त पडावं म्हणून प्रत्येक सोयीपाशी ते थांबतात, "हाई कोनले जोयजे?" म्हणतात आणि लाल पेन्सिलीने काट मारतात. मी हौसेने सुचवलेले रंगीत दिवेही असेच गेले. जुन्या मॉनिटरची केबल बसते ते निळं पोर्ट मात्र, खर्च वाढला तरी, त्यांनी ठेवलं.

आराखडा पाहून परदेशातून एकाने त्या पोर्टबद्दल विचारलं, "कोणाला पाहिजे हे आता?"

"मनाच सवाल मालेच!" भाऊ खो खो हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्यांनी आमच्या जुनाट मॉनिटरांच्या अख्ख्या रांगेचा फोटो काढला, त्याला पाठवला आणि खाली अहिराणीतच लिहिलं, "आमले जोयजे!"