बायझंटाईन भैरव

अमरावती-अकोला एसटीत शेजारच्या तरुणानं बावीस किलोमीटर तेच सात स्वर उकुलेलेवर, त्या चिमुकल्या गिटारवर, घोळवले. दर वेळी आधी डोळे मिटायचा, जणू समाधीच लागली. अकोल्याच्या एका शाळेत संगीतशिक्षकाच्या मुलाखतीला निघाला होता.

"काका, हे बायझंटाईन स्केल. सातासमुद्रापारचं!"

मी स्वर मोजले. रे-ध कोमल, बाकीचे पाच शुद्ध.

"अरे, हा तं आपला भैरव! काकडआरतीले मी पेटीवर हाच वाजवतो. काहून फेकून राहिला?"

त्यानं सा वरचा कॉर्ड, म्हणजे तीन स्वर एकदम, छेडला, लगेच त्याला खेटून कोमल रे वरचा.

"मले माईत आहे, काका. पण भैरव म्हटलं तं शाळावाले म्हणतीन, पेटीवाला फुकट भेटते."

काकडआरतीला मी फुकटच वाजवतो.